पहिला आकडा

मी भांडकुदळ आहे. हे माझं मत नाही, अख्ख्या ऑफिसचं आहे, आणि सासरच्यांचा त्याला पाठिंबा आहे. नवरा म्हणतो, खारघरला आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी गेले की सेक्रेटरी आधी पाणी पिऊन घेतो. असू दे. एकदा तरी या तोंडाचं सोनं झालं, आणि ते कसं झालं हे मला सांगायचंय.

मी भूगर्भशास्त्र शिकले आणि एका तेल कंपनीत लागले. ऑफिस बेलापूरला आणि समुद्राखालून काढलेले दगडाचे नमुने ठेवायचं गोदाम रबाळ्याला. माझं काम साठ्यांच्या वर्गवारीचं. लग्नाकार्यात लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय करता?" मी सांगते, "खाली तेल-गॅस किती आहे आणि त्यातलं किती आपलं म्हणायचं, ते ठरवते." त्यावर एक काका म्हणाले होते, "म्हणजे अकाउंट्स!" पंगत बसली होती म्हणून काका वाचले.

तर आमच्याकडे प्रत्येक साठ्याला तीन आकडे मिळतात. तिसरा आकडा सांगतो, तो साठा तिथे आहे याची खात्री किती. दुसरा सांगतो, तो काढायची तयारी कुठवर आली. आणि पहिला सांगतो, तो काढणं परवडेल का. एक म्हणजे उत्तम, दोन म्हणजे काहीतरी अडतंय, तीन म्हणजे सध्या विषय नको. तिन्ही आकडे एक आले की साठा पास. संचालक मंडळ मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्रं हलायला लागतात. पूर्वी परवडणं म्हणजे कंपनीला परवडणं एवढंच होतं. नव्या पद्धतीत त्याच पहिल्या आकड्यात आजूबाजूचं पाणी, जमीन आणि तिथली माणसंही आली. त्यांना परवडत नसेल तर गॅस कितीही असो, एक लिहायचा नाही. नियम असा सरळ आहे. मला तो पहिल्यांदा वाचला तेव्हाच आवडला होता.

पण नियम बदलला म्हणून सवय बदलत नाही. तिसऱ्या आकड्यासाठी आमच्याकडे आठवडे आठवडे डोकेफोड चालायची. दुसऱ्यासाठी इंजिनीअर लोक एकमेकांचे गळे धरायचे. पहिल्याची वेळ आली की सगळे घड्याळ बघायचे. गॅसचा भाव ठीक आहे? ठीक आहे. गावाची ना हरकत आली? आली. लिहा एक, चला जेवायला.

त्या वर्षी प्रश्न होता रायगडच्या किनाऱ्यासमोरच्या एका गॅसच्या साठ्याचा. उथळ समुद्रात, फार लांब नाही. गॅस पाइपने किनाऱ्यावर आणायचा, आणि तो पाइप एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या चिखलातून खणून न्यायचा, असं ठरलं होतं. हा साठा आमच्या सरांचा. म्हणजे कागदोपत्री कंपनीचा, पण तिथली पहिली विहीर खोदली तेव्हा सर तरुण होते आणि बोटीवर उलट्या करत करत त्यांनी तिथल्या दगडाचे नमुने पाहिले होते. मूळचे साताऱ्याकडचे, पाण्याची भीती, तरीही गेले. मधे बरीच वर्षं त्या साठ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सरांनी पाठपुरावा सोडला नाही. आता ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि जाण्याआधी त्यांना तो साठा एक-एक-एक झालेला बघायचा होता. मला हे काम त्यांनीच शिकवलं. म्हणून तर पुढचं सगळं अवघड झालं.

पहिल्या आकड्याचा तक्ता माझ्याकडे होता. सवयीप्रमाणे एक लिहून मोकळी होणार, तेवढ्यात गावातल्या सकाळी नऊच्या बैठकीचे फोटो समोर आले. शाळेचं पटांगण, मांडव, पंखे, चहा. पुढच्या रांगेत पुरुष, मागच्या रांगेत पुरुष, कडेला उभे तेही पुरुष. व्यासपीठावर सरांच्या शेजारी एक बाई होती, ती आमच्याच कंपनीची.

मी सरांना विचारलं, "सर, बायका कुठायत?"

"आल्या नाहीत. बोलावलं होतं सगळ्यांना, दवंडी दिली होती. इंटरेस्ट नसतो गं त्यांना." मग कौतुकाने म्हणाले, "जनसंपर्कवाल्यांनी बैठक अमावास्येला ठेवली होती. मी म्हटलं, वेडे का खुळे? एवढं मोठं काम आणि अमावास्येला? दोन दिवस पुढे ढकला. बीज चांगली. म्हणून सगळं बिनविरोध झालं बघ."

बीज हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. का ते तेव्हा नीट कळलं नाही. संध्याकाळी मी घरी न जाता माहेरी गेले.

माहेर जुईनगर स्टेशनजवळच्या गावात. गाव म्हणायचं आपलं, चारी बाजूंनी शहर आहे. आम्ही आगरी. आमची शेतं शहरासाठी गेली, त्यांच्या बदल्यात भूखंड मिळाले, आणि आई आता चार मजल्यांची मालकीण आहे. भाडेकरूंच्या स्कूटर दारात लागल्या की तिचा आवाज ऐकून खात्री पटते की माझं तोंड कुणावर गेलंय. पण माझ्या लहानपणी ती खाडीत जायची. खुबे, शिवल्या असे शिंपले, चिंबोऱ्या, जे मिळेल ते. पाटी भरून आणायची आणि तशीच बाजारात बसायची.

मी विचारलं, "आई, बीजेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तू कुठे असायचीस?"

"खाडीन. आनि कुठं?" ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली. "उधानाचं पानी. अवसेपासून चार-पाच रोज पानी जाम लांब जातं. सकालच्या टायमाला अख्खा चिखल उघडा पडतो. तवा घरान बसंल ती येडी."

"आणि त्या वेळी गावात मीटिंग असली तर?"

"मीटिंगला पाटी भरतं काय कोनाची?"

मी कपाळाला हात लावला. सरांनी अमावास्या अशुभ म्हणून बैठक बीजेवर नेली होती, आणि बीजेच्या सकाळी त्या गावची एकही बाई गावात नसणार होती. ज्या चिखलातून पाइप जाणार, त्या चिखलात त्या बायका त्याच वेळी गुडघाभर रुतून खुबे काढत होत्या, आणि पटांगणात त्यांचे नवरे चहा पीत हात वर करत होते. कुणी फसवलं नव्हतं. शुभ दिवस बघून, चांगल्या मनाने घोटाळा झाला होता.

आईला सगळं सांगितलं. तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "आमच्या टायमालाबी असंच झालं. जमिनीच्या नोटिसा आल्या त्या तुझ्या बापाच्या नावावर. भांडले, मोर्चे काडले, भेटलं थोडंफार. पन खाडी कोनाच्या नावावर व्हती? भराव पडला तवा मना कोनी इचारलं नाय. मी सकाली पाटी घेऊन गेलू, तं समोर डंपर."

हे तिने पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मला तिच्या पाटीची आठवण होती, पण ती बंद कधी झाली हे मी कधी विचारलंच नाही, कारण तोवर घरात भूखंड आला होता आणि सगळे खूश होते. मला इतका राग आला की जेवताना घास उतरेना. राग कुणावर हेही कळेना. आई मात्र म्हणाली, "जेव आधी. रिकाम्या पोटी भांडलं का आवाज फुटत नाय."

वार्षिक अहवालाच्या बैठकीत मी पहिल्या आकड्यासमोर दोन लिहून नेला.

पडद्यावर तक्ता आला. सर हसले. त्यांना वाटलं टायपिंगची चूक. "ते एक कर," म्हणाले.

"नाही सर. दोनच आहे."

मग जे झालं ते बेलापूरच्या त्या मजल्यावर आजही सांगतात, आणि दर वेळी माझ्या तोंडी दोन वाक्यं जास्त घालून सांगतात. सर म्हणाले, गॅस आहे, विहिरी झाल्या, भाव आहे, गावाचा ठराव आहे, अजून काय पाहिजे? मी म्हटलं, ठराव अर्ध्या गावाचा आहे. ते म्हणाले, कायद्याने पुरेसा आहे. मी म्हटलं, कायद्याने ठराव झाला, पण हा आकडा 'ठराव झाला का' असं विचारत नाही, 'तिथल्या माणसांना परवडतंय का' असं विचारतो, आणि ज्यांना परवडणार नाही त्या बायका त्या दिवशी खाडीत होत्या. मग मी त्यांना भरती-ओहोटी समजावली. पाण्याला घाबरणाऱ्या साताऱ्याच्या माणसाला आगऱ्याच्या पोरीने उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी आणि भांग म्हणजे लहान, हे शिकवलं, ते पण संचालकांसमोर.

"हे तुझं गाव नाहीये," सर चिडून म्हणाले. "तू मनाला लावून घेतेयस."

"माझं गाव असतं तर तीन लिहिला असता!"

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "दोन लिहिलंस तर मंडळ हात आखडता घेईल. एक वर्ष जाईल. माझ्याकडे तेवढंच वर्ष आहे, तुला माहितीये."

मला माहीत होतं. ज्या माणसाने मला दगड वाचायला शिकवलं, त्याच्या आयुष्याच्या कामावर मी दोनचा शिक्का मारत होते. पण एक लिहिला असता तर दिवाळीनंतर त्या चिखलात पोकलेन उतरले असते, आणि मग कुठल्या तरी बाईने सकाळी पाटी घेऊन जाऊन समोर तेच पाहिलं असतं. मी म्हटलं, "सर, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं तुम्हीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हाती नाही ते आपलं म्हणायचं नाही. हा गॅस अजून आपल्या हाती नाही. पुन्हा बैठक घ्या. मी तिथी सांगते."

बैठकीला बसलेल्या संचालक बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "दोन ठेवा," म्हणाल्या. "आणि तिथी विचारा यांना."

मी अष्टमी दिली. भांगाच्या दिवसांत पाणी धड जात नाही, धड येत नाही. त्या दिवसांत बायका बँकेत जातात, मुलांच्या शाळेत जातात, माहेरी जातात, आणि बोलावलं तर मीटिंगलाही येतात. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. गाडीत रायगडला जाईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटत होतं, बायका आल्या नाहीत तर माझी काय शोभा होईल.

पटांगण भरलं होतं. पुढच्या रांगेत लुगडी, मागच्या रांगेत लुगडी आणि साड्या, भिंतीवर पोरी बसलेल्या. पुरुष कडेला उभे. एक मावशी, कपाळावर मोठं कुंकू, अंगाने आडवी, उभी राहिली आणि माईक नको म्हणाली. तिला माईकची गरजही नव्हती.

"आमाला गॅस नको असं कोन बोललं? आमच्या घरान पन शेगडीच हाय. पन पाइप आमच्या चिखलातून नका नेऊ. यो चिखल हाय तवर आमी कोनाफुडं हात पसरत नाय. एकदा खनलात ना, तं खुबे परत कवा येतील ते तुमच्या कागदान लिवलंय काय?"

सर म्हणाले, खणून झाल्यावर परत बुजवू. सगळं पटांगण हसलं. अगदी मनापासून, पोटं धरून हसल्या त्या. चिखल बुजवतात म्हणे! मला वाटलं, आता सर उठून जाणार.

ते उठले खरे, पण मांडवाबाहेर मातीत जाऊन उकिडवे बसले आणि काठीने रेघ मारायला लागले. हा समुद्र, हा चिखल, हे तुमचं गाव. मावशी पुढे आली, मग चार जणी, मग गराडाच पडला. सरांनी चिखलाच्या खूप खालून एक वाकडी रेघ काढली. चिखलाला हात न लावता गावाच्या अलीकडून आडवं भोक पाडायचं आणि पाइप खालच्या दगडातून समुद्रापर्यंत ओढायचा. ही वाट आमच्या इंजिनीअरांनी आधी सुचवली होती आणि जास्त वेळ लागतो म्हणून बाजूला ठेवली होती. खुद्द सरांनीच ठेवली होती.

"दगड तिथे चांगला आहे," सर मला म्हणाले. महिन्याभरात माझ्याशी त्या आवाजात पहिल्यांदा बोलले. "कुणी पाहिलाय तो? मी पाहिलाय. उलट्या करत पाहिलाय."

"आनि वर चिखलान गाडी उतरनार?" मावशीने विचारलं.

"एकही नाही."

"आमच्या बोटी थांबवाल?"

"थोडे दिवस. कधी ते तुम्ही सांगा."

"मंग आमी सांगू. तुमी तिथी बघू नका."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. एवढं हसू मी आयुष्यात कधी दाबलं नसेल.

त्यानंतरचं वर्ष सरांचं होतं. ती वाट मंजूर करून घ्यायला हा माणूस ज्या दारात म्हणून गेला त्या दारातून हो घेऊनच निघाला. संचालकांशी भांडला, इंजिनीअरांशी भांडला, एकदा तर माझ्याशीही भांडला, कारण मला दुसरा आकडा पुन्हा तपासायचा होता. रबाळ्याच्या गोदामातून त्यांचे ते जुने नमुने बाहेर निघाले आणि टेबलावर मांडले गेले. दगड खरंच चांगला होता. गावाशी जो करार झाला तो त्यांनी दोनदा वाचून दाखवला, एकदा पुरुषांना, एकदा बायकांना, आणि दोन्ही वेळा बायकाच जास्त प्रश्न विचारत होत्या.

पुढच्या अहवालाच्या बैठकीत पडद्यावर तोच साठा आला. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "पहिला आकडा वाच."

"एक."

"कशावरून?"

मी कारणं सांगितली. सगळी. पाणी, चिखल, बोटींचे दिवस, कोण कोण काय म्हणालं, कुठल्या अटीवर म्हणालं. पहिल्या आकड्यावर आमच्याकडे कधी इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. जेवणाची वेळ टळून गेली आणि कुणी घड्याळ पाहिलं नाही. मग दुसरा, एक. तिसरा, एक. सर खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही, पण मी सगळ्यात जोरात वाजवल्या. मी जिंकले होते. सरही जिंकले होते. माझ्या पाहण्यात आमच्या ऑफिसात एकाच भांडणात दोन्ही बाजू जिंकल्याचं ते एकमेव उदाहरण, आणि नम्रपणा वगैरे माझ्याकडून होणार नाही. बाहेर आल्या आल्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "मना ठाऊक व्हतं. आता ठेव, भाडेकरू आलाय." पण ठेवायच्या आधी तिने नाक ओढलेलं मला ऐकू आलं.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. नवी पद्धत आमच्याकडे आता खरोखरची रुळली आहे. नवीन आलेली पोरं बैठकीची तारीख ठरवण्याआधी ओहोटीची वेळ बघतात, आणि त्यांना वाटतं हे पूर्वापार चालत आलंय.

गेल्या हिवाळ्यात गॅस सुरू झाला. किनाऱ्यावरच्या कार्यक्रमाला सरांना आग्रहाने बोलावलं होतं. भाषणं, फीत, पेढे झाले. सर म्हणाले, "मला ती जागा बघायचीय. वरून." आईही माझ्याबरोबर आली होती. पाणी लांब गेलं होतं. सरांनी बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्याला घाबरणारा तो माणूस माझ्या आईचा हात धरून चिखलात उतरला. दूरवर बायका वाकून काम करत होत्या. मी हिशोबाने चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. "इथे सर. बरोबर इथे. खाली."

सर उभे राहिले. कसला आवाज नाही, कसली खूण नाही. चिखल होता तसा होता. ज्या गॅससाठी त्यांनी उभी हयात घालवली तो त्यांच्या पायाखालून शहराकडे चालला होता, आणि दाखवायला काहीही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझेही आले होते.

मागून कुणाची तरी पाटी खळखळली. तीच मावशी. तिने सरांना ओळखलं की नाही कोण जाणे. कामाच्या वेळी ती कुणालाच ओळखत नसावी.

"साहेब, पाय उचला जरा," ती म्हणाली. "खाली खुबे हायेत."

सरांनी पटकन पाय उचलला. ती वाकली, हात चिखलात घातला, मूठभर खुबे काढून पाटीत टाकले आणि पुढे गेली.